कुडपणच्या धुक्यात घातलेलं गाऱ्हाणं

देवाकडे मागायची मला सवय नाही. गॅस सिलिंडरपासून सासूबाईंच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं मीच उरकत आले. त्याला तसदी द्यायची वेळच आली नाही. पण भाद्रपदात आम्ही दोघं विश्रांतीला म्हणून डोंगरावरच्या कुडपण गावी गेलो आणि दुसऱ्याच सकाळी नवऱ्याशी चहावरून वाजलं. मधुमेह असलेल्या माणसाने साखर मागावी आणि मी द्यावी, हे होणं नाही. ते ताडकन उठून बाहेर पडले. थोड्या वेळाने दारात येऊन बघते, तर धुक्यात समोरचा गोठासुद्धा दिसेना. ह्यांचा चष्मा कपाशेजारीच राहिलेला, आणि पठार संपतं तिथे सरळ कडा.

मोबाइलला रेंज नव्हती. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या सुलोचनाबाईंना म्हटलं, "चार माणसं पाठवा शोधायला." त्यांनी देवळाच्या गुरवाला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "पयलं देवीला गाऱ्हाणं घालू, ताई. ह्या धुक्यात मानसं सोडली तर त्यांनाच हुडकाया लागंल."

माझा जीव टांगणीला, आणि गुरव शांतपणे नारळ सोलतोय! वाडी देवळापुढे जमली. देवीला मोघम चालत नाही म्हणे, सगळं सांगावं लागतं. मी हळूच सांगितलं. गुरवाने ते डोंगर हलेल अशा आवाजात मांडलं.

"आई वाघजाई! हिचा मालक दोन चमचे साखरेपायी रुसून गेलाय!"

"व्हय गो आई!" वाडी ओरडली.

"चष्मा नाय, अक्कल नाय..."

"अहो, अकलेचं मी नाही सांगितलं!"

"...त्याला वाट दाव!"

"व्हय गो आई!" या वेळी माझाही आवाज फुटला. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा होकार. घसा बसला, डोळे भरले, सुलोचनाबाईंनी माझा हात घट्ट धरला. आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, म्हणून नुसती ओरडत राहिले.

आणि धुक्यातून चिडका आवाज आला, "दोन नाही! एकच चमचा मागितला होता!"

मागोमाग चिखलाने माखलेले आमचे हे. कड्याच्याच दिशेने चालले होते. आपली बदनामी कानावर पडली म्हणून मागे फिरले. गुरव म्हणाला, आईची कृपा. मी वाद घातला नाही. सगळं उरकणाऱ्या बाईलाही कधी तोंड उघडून मागावं लागतं, आणि मागितल्यावर कुणी ना कुणी ऐकतं, एवढं मला पुरेसं आहे.

नारळ फुटला. गुरवाने ह्यांच्या हातावर प्रसादाचं गूळखोबरं ठेवलं, गूळच जास्त. माझ्याकडे बघत बघत ह्यांनी ते सावकाश खाल्लं. देवीचा प्रसाद मी कसा हिसकावणार? हात जोडले.