मिर्सादच्या गावचं मतदान

बोस्नियाची पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी बडोद्याला रजेवर होतो. नव्वदीची मधली वर्षं. समा भागातल्या आमच्या सोसायटीत नुकतंच केबल आलं होतं. शेजारचे दळवीकाका म्हणाले, "युरोप एटले जलसाच ने, मेजर, मजाच मजा. तिथं कसली लढाई?"

लढाई संपली होती, पण वैर शिल्लक होतं. माझं लहानपण बडोद्याच्याच जुन्या पाणीगेट भागात गेलं, दंगलीतला कर्फ्यू पाहिलेला. शेजारी शेजाऱ्यावर उठतो म्हणजे काय, हे मला युरोपनं शिकवायची गरज नव्हती. मोठमोठ्या राजधान्यांतल्या साहेबांनी नकाशावर दोन बाजूंमध्ये रेघ मारली आणि लगेच निवडणूक लावली. आधी लग्न, मग पत्रिका जुळवायची, त्यातला प्रकार. एक नियम मात्र चांगला होता. हाकलून दिलेल्या माणसाला आपल्या जुन्या गावी जाऊन मत देता येत होतं.

मी शांतिसेनेत निरीक्षक होतो. माझा दुभाषा मिर्साद, पूर्वी भूगोलाचा मास्तर, उंच आणि थट्टेखोर. मतदानाच्या सकाळी त्याच्याच गावची माणसं बसमध्ये घेऊन आम्ही रेघ ओलांडली. पुढे माझी जीप, मागे बस. ऑर्डर स्पष्ट होती: थेट मतदान केंद्र, मत, परत.

गावाच्या अलीकडे बस थांबली. या लोकांची रीत अशी की गावात शिरताना आधी आपल्या मेलेल्यांना सलाम करायचा. मी नको म्हणेपर्यंत फाता नावाची म्हातारी उतरून कब्रस्तानाच्या पायवाटेनं चालूही लागली होती. जन्मभराची वाट, तिला कसली भीती? पण आता त्या गवतात सुरुंग होते. मिर्साद ओरडला तशी ती जागच्या जागी थांबली.

मी रेडिओवर सुरुंग काढणारे सॅपर्स मागितले. उत्तर आलं, "दोन तास. जागेवर थांबा. ओव्हर."

मिर्साद म्हणाला, "सर, ती दोन तास उभी राहू शकणार नाही."

मी त्याला अडवलं. त्यानं माझा हात हळूच बाजूला केला. तो तिच्या पावलांवर पाऊल ठेवत गेला, तिला वळवलं आणि पुढे घातलं. ती रस्त्याला लागली. मागे ओल्या गवतावर त्याचा पाय वीतभर घसरला आणि सुरुंग फुटला.

त्याला उचलून जीपमध्ये ठेवलं, तिथंच त्यानं प्राण सोडला. इतका धीराचा माणूस मी पलटणीतही क्वचितच पाहिला.

रेडिओवर हुकूम आला, "मिशन रद्द. बस परत आणा. ओव्हर."

बसमधलं कुणी हललं नाही. फाता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आमच्यात बोलणं करून द्यायला आता कुणी नव्हतं. तिनं गावाकडे बोट दाखवलं आणि ते खाली घेतलंच नाही.

"मतदार परत यायला तयार नाहीत. मी पुढे नेतोय. आउट," मी कळवलं.

सगळ्यांनी मत दिलं. केंद्रावरचे लोक लढाईत पलीकडच्या बाजूचे, पण त्यांनी म्हातारीला खुर्ची दिली.

पुढे सॅपर्सनी वाट मोकळी केली आणि मिर्सादला त्याच कब्रस्तानात पुरलं. शांतिसेनेच्या स्मारकावर त्याचं नाव नाही, तो रोजंदारीवर होता. मी कबरीपाशी पूर्ण युनिफॉर्ममध्ये सॅल्यूट दिला. गाव त्याचंही होतं. मत द्यायचं राहिलं ते फक्त त्याचं.