मधला पेला

जगदाळे सर पाणीसुद्धा आधी हुंगून मग प्यायचे. पेला नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचे, एक घोट तोंडात फिरवायचा आणि मग निकाल द्यायचा. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठा असाच हुंगला आणि भर मांडवात सांगितलं, "ताक परवाचं हाय. पाहुण्यांना पाजू नका." लग्न त्यांच्या सख्ख्या मेहुण्याच्या मुलीचं होतं.

शहराबाहेरच्या बियरच्या कारखान्यात ते चव तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली. सरांचं घराणं पाचोडकडचं, जमीनजुमला असलेलं; आवाज खणखणीत. जेवणाच्या सुट्टीत मी वाचत बसायचो, म्हणून मला जोशीबुवा म्हणायचे. "जोशीबुवा, पुस्तकात नाय सापडायचं ते. जिभेवर काय आलं ते बोला. का ती बी लायब्ररीत जमा करून आलात?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

दर सोमवारी आमची परीक्षा असे. समोर तीन पेले. दोहोंत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी. तो तिसरा ओळखायचा. खरं उत्तर पेले भरणाऱ्या एकट्याला ठाऊक असे आणि त्याने चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नसे. "भरणाऱ्यानं खोटं बोलायचं नाय," सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत. "तो खोटं बोलला की मग कारखान्याला टाळं लावा आन् घरी जावा."

लागोपाठ तीनदा चुकणाऱ्याला विभागात जागा नसे. कुलकर्णी चुकले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हा विभाग त्यांनी आणि सरांनी मिळून उभा केलेला. सरांनी सगळ्यांसमोर त्यांचा पेला उपडा ठेवला. "कुलकर्णी, जीभ गेली तुमची. उद्यापासून बाटल्या धुण्याकडं बघा." कुलकर्णी बराच वेळ खिशातला रुमाल काढून घडी करत राहिले, उलगडून पुन्हा घडी करत राहिले. सर तोवर पुढच्या माणसाकडे वळले होते.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी सरांच्या जिभेला जखम झाली आणि ती भरेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीभ काढावी लागेल. नाहीतर फार दिवस नाहीत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना एकट्याने न्यायला घाबरल्या, म्हणून मी सोबत मुंबईला निघालो.

विमानतळावर तपासणी आटोपली तेव्हा विमानाला सव्वा तास होता. आत आपल्याच शहरातल्या एका लहान भट्टीची बियर नळातून देणारा काउंटर नवा निघाला होता. एक बियर गव्हाची, एक गव्हात थोडी ज्वारी घातलेली. रंग दोन्हींचा सारखाच. सर तिथंच थांबले.

"जोशीबुवा, तीन पेले मांडा."

"अहो, काय चाललंय तुमचं?" काकू म्हणाल्या.

"सोमवार समजा आज. वेगळा पेला घावला तर मी इथनंच घरी. शाबूत जीभ कापून द्यायला मी काय येडा हाय व्हय? नाय घावला तर मुकाट इमानात बसतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

सर पाठ करून उभे राहिले. मी डाव्या आणि उजव्या पेल्यात गव्हाची भरली, मधल्यात ज्वारीची. त्यांनी प्रत्येक पेला हुंगला, घोट फिरवला, मध्ये पाण्याने चूळ भरली. जखमेला झोंबत असणार. डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्यांदा मधल्यापाशी आले आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

"मधला. ज्वारी हाय हिच्यात. बोला."

"नाही सर," मी म्हणालो. "डावा."

त्यांनी माझा चेहरा निरखला. तो कोरा ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं. मग ते खुर्चीवर बसले.

"कुलकर्णीला काय म्हणलो होतो मी?"

त्यांना आठवत होतं. मलाही होतं. गप्प बसता आलं असतं.

"जीभ गेली तुमची," मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

सरांनी तिन्ही पेले एकामागून एक रिकामे केले. एकही हुंगला नाही.

काकूंसाठी मी खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ते खरंही आहे. पण सरांचा चेहरा उतरत गेला तेव्हा मला जे वाटलं ती दया नव्हती. एकोणीस वर्षं मी जेवणाच्या सुट्टीत हसत आलो होतो.

शस्त्रक्रिया झाली. पुढे सगळं अन्न नाकातल्या नळीतून. अकरा महिन्यांनी आजार मानेत परत आला. "तुमच्यामुळं हे वरीस तरी मिळालं," काकू माझा हात धरून म्हणाल्या. त्या वर्षात सरांना पाण्याचीही चव लागली नाही.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. सर लहान मुलांच्या पाटीवर लिहून बोलत. मला पाहताच त्यांनी पाटी मागितली, सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

"मधला होता ना?"

काकू दाराशी उभ्या होत्या.

"नाही सर," मी म्हणालो. "डावा."

सोमवारी पेले भरणाऱ्याने खरं उत्तर सांगितलं की त्याच्याकडे पाहून ते जशी मान हलवत, तशी त्यांनी हलवली आणि तळहाताने पाटी पुसली.