चार्ज कोणाला द्यायचा?

सांधेवाल्याला म्हातारपणी दोनच दुखणी होती: गुडघे आणि चार्ज. गुडघ्यांना निदान तेल तरी चोळता येतं.

गाव लहान, स्टेशन त्याहून लहान; रुळांचे सांधे बदलायला हा एकटाच. गाडीतून उतरणारे कमी, नुसते बघायला येणारेच जास्त. पुढे पक्का रस्ता झाला, बस दारात येऊ लागली आणि स्टेशनला कुत्रं विचारेना. शेवटच्या गाडीने मास्तर बदलीवर गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा ह्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "चार्ज घ्यायला माणूस येईल. तोवर बघ."

रूळ उखडणारे आले, खिडक्या काढून नेणारे आले, चार्ज घेणारा काही उगवला नाही. आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तर ड्यूटीचा नियम. अहो, पेन्शन लागली, दात पडले, तरी हा आपला तिथेच. भरल्या ताटावरून उठायचा, स्टेशनचं कुलूप ओढून बघायचा, परत येऊन बसायचा, की पुन्हा चुळबुळ सुरू. लेकीचं घरसुद्धा त्याने पाहिलं नव्हतं.

परवा जावयाचा फोन आला. लेकीचं ऑपरेशन ठरलंय, ती दोघांची वाट बघतेय. सांधेवाल्याने पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली.

"अगं, पण चार्ज कोणाला देऊ?"

बायको त्या चार्जला जन्मभर सवत म्हणत आली होती. आज भांडली नाही. ओले हात पुसून तिने हात पुढे केला. "द्या मला."

"थट्टा नको."

"लेक तिकडे पडलीय आणि मी थट्टा करीन?"

मग तो ताठ उभा राहिला. घंटा, कंदील, लाल-हिरवं निशाण, सगळं सांगून त्याने किल्ल्या दिल्या. त्याला इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली.

स्टेशनसमोर बस थांबली. तो चढला, वळून बघतो तर बायको खालीच.

"मी कशी येऊ? चार्ज माझ्याकडे," ती म्हणाली. "मी निघाले तर तुम्ही पुढच्या थांब्यावर उतराल. ओळखते मी तुम्हाला."

लेकीला दुखलं-खुपलं की आधी आईच लागते, हे त्यालाही ठाऊक होतं. तो खाली उतरला. "दे इकडे." बायकोचा चेहरा पडला. कंडक्टर कुरकुरत होता. सांधेवाल्याने जाऊन किल्ली कुलपात घातली आणि जुडगा तसाच लटकत ठेवला.

"यायचा तो येईल, घेईल," म्हणत त्याने तिला हाताला धरून वर चढवलं.

वाटभर त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. बायकोच मात्र राहून राहून खिडकीतून मान काढत होती.