सुमनताईची अंगठ्याएवढी लेन्स

सुमनताई माणसाकडे आधी एकाच डोळ्यानं पाहायची. दारात पाहुणा आला की डावा डोळा मिटून त्याला न्याहाळायची आणि मग "ये गा, बस" म्हणायची. आमच्या सौभाग्यवतीला पहिल्या भेटीत वाटलं, नणंद डोळा मारते आहे. ताई माझी आत्येबहीण. शेतीवरचे माहितीपट करण्यात तिची हयात गेली. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. हिनं सिनेमाचा कॅमेरा घेतला.

त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं ती पाटी, चांगली मोठी होती. हवी तर पूर्ण वापरायची, हवा तर नुसता मधला भाग. अर्धीच वापरायची तर मोठी घेतली कशाला, असं मी विचारलं.

"ताट मोठं आहे म्हणून दरवेळी काठोकाठ वाढून घेतो काय तू?" मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाली, "तू घेतोच म्हणा."

माझ्या मुलीचं लग्न रामटेकला ठरलं, तेव्हा आई मांडीचं हाड मोडून प्रताप नगरच्या घरी पडून होती. नातीचं लग्न दिसणार नाही म्हणून तिनं जेवण टाकलं होतं. ताई उशाशी बसली आणि म्हणाली, "मामी, अंतरपाट खाली येतानाचं पोरीचं तोंड तुम्हाले दाखवीन. जेवा आता." आई जेवली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त तोंडावर आला आणि ताईची लेन्सची पेटी सापडेना. आमच्या कार्यतत्पर मेव्हण्यानं ती हळदकुंकू लावून आंदणाच्या भांड्यांसोबत टेम्पोत चढवली होती, आणि मुलाकडचा टेम्पो केव्हाच भंडाऱ्याच्या वाटेला लागला होता. ताईच्या खांद्यावरच्या झोळीत उरली होती एकच, तिच्या जुन्या फिल्म-कॅमेऱ्याची अंगठ्याएवढी लेन्स. ती लावून पाहिली तर तिचं चित्र मोठ्या पाटीला पुरेना; मधोमध गोल चित्र आणि भोवती काळोख. विहिरीच्या तळाशी लग्न लागल्यासारखं. अंतरपाट काही दुसऱ्यांदा धरता येत नाही. आईला काय सांगणार? मी माझा मोबाईल पुढे केला. गुरुजींना मंगलाष्टकं सावकाश म्हणायला सांगू का, असंही विचारलं.

"काहून नाचून राहिला गा?" ताई म्हणाली. "भाजी वाटीभर आहे, तर वाटीतच घ्याची."

तिनं बटणं दाबून पाटीचा मधलाच तुकडा निवडला. काळोख चौकटीबाहेर गेला, चित्र काठोकाठ भरलं. पण आता सगळं फारच जवळ दिसू लागलं. स्टेजपाशी उभं राहिलं तर नुसत्या मुंडावळ्या. ताई मागे मागे सरकत हॉलच्या दारापर्यंत गेली आणि चपलांच्या ढिगात उभी राहिली. शेवटच्या मंगलाष्टकाला मी अक्षता मुठीत धरून तिच्याकडेच पाहत होतो. शेवटी तिनंच हातानं खुणावलं, समोर पाह्य. मुलीचा बाप मी आहे हे तिच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईच्या खाटेसमोर टीव्हीवर ते लावलं. चित्र जरा रवाळ होतं. अंतरपाट सरकला आणि नात दिसली. आधी घाबरलेली, मग ओठ दाबून हसू आवरणारी. आईनं टीव्हीच्या दिशेनं हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "पुन्हा लाव," म्हणाली.

मी लावलं आणि मागे वळून पाहिलं, तर ताई नव्हती. ती स्वयंपाकघरात ओटा धरून उभी होती.

"पाणी दे गा," ती म्हणाली. "मामीले शब्द देऊन बसली होती, कालपासून माह्या पायात जीव नव्हता."