हेमराजच्या आईचं खातं

आमच्या गल्लीत बाईला तिच्या नावाने हाक मारायची रीत नाही. थोरलं पोर झालं की त्याचं नाव आईला चिकटतं, आणि तिचं स्वतःचं नाव रेशनकार्डात जाऊन बसतं. मी शाळेत शिकवते म्हणून वाचले. मला सगळे स्मिता मॅडम म्हणतात, तेही कौतुकाने नाही. ऑनलाइन भरायचं काहीही असलं की माझंच दार वाजतं. शेजारच्या जयवंताकाकू मात्र अख्ख्या पांढुर्ण्याला ‘हेमराजची आई’ म्हणूनच ठाऊक. हेमराज घर सोडून गेला त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी हे नाव काही सुटलं नाही.

काकूचं माहेर सावरगावचं. म्हणजे फार लांब नाही, जाम नदीच्या पलीकडे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच अंतर जिवावर बेततं. त्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि तो मिळवायला या काठावरून पांढुर्णा अन् त्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. काकूचा नवरा इकडून फेकायचा, भाऊ तिकडून. दगड कोणाचाही असो, डोकं तिच्याच माणसाचं फुटणार. लग्न झाल्यापासून काकूने एकदाही गोटमार पाहिली नाही. त्या दिवशी ती नदीकडे पाठ करून घरात बसते आणि सगळे धड परत आल्याशिवाय तोंडात घास घालत नाही.

नवरा म्हणजे पुंडलिकराव. गुडघे जायच्या आधी गोटमारीतले नावाजलेले खिलाडी. आणि पोरगा नेमका आईवर गेलेला. हेमराज संत्रा मंडीत पेट्या भरायचा, अंगात ताकद होती, पण काठावर जाऊन नुसता उभा राहायचा. समोर मामा दिसत असताना दगड कसा उचलू, म्हणायचा. एका गोटमारीला पुंडलिकराव सगळ्यांसमोर ओरडले, “मायच्या पदराखाली जाऊन बस मंग!” लोक हसले. हेमराज घरी आला, पिशवी भरली आणि मंडीतून निघालेल्या एका ट्रकवर बसून गेला तो गेलाच. पुंडलिकरावांनी त्या दिवसापासून पोराचं नाव घेतलं नाही. ‘तो’ असंसुद्धा म्हणत नाहीत.

जायच्या आधी हेमराजने आईच्या मोबाइलमध्ये तिचं खातं काढून दिलं होतं. फोटो चंडीमातेचा लावला आणि नाव लिहिलं तेच, गल्लीने ठेवलेलं: हेमराजची आई. पुढच्या गोटमारीला संध्याकाळी त्या खात्यावर निरोप आला, “आई, कोणाला लागलं काय?” पाठवणाऱ्याचं नाव इंग्रजीत होतं, ते काकूला वाचता येत नव्हतं. चित्र निळ्या ट्रकचं होतं, तेवढं तिला पुरलं. तिने माइकचं बटण दाबून सांगितलं, “नाही रे बाप्पा, सगळे चांगले हायेत. तू जेवला काय?” मग दरवर्षी तेच. एकच दिवस, एकच प्रश्न. स्वतःचा नंबर देईना, आणि फोन कर म्हटलं तर म्हणे, बाबा उचलतील. काकू बाकीचं वर्ष त्या एका निरोपावर काढायची.

मागच्या साली तिच्या मनात आलं, विचारायची वेळ तरी कशाला यावी, पोराने आपल्या डोळ्यांनीच पाहावं. सावरगावच्या भाचीने लाइव्ह कसं करायचं ते शिकवलेलं होतं. काकू गच्चीवर गेली, हात लांब करून मोबाइल नदीकडे धरला आणि स्वतः तोंड फिरवून पाण्याच्या टाकीकडे बघत उभी राहिली. मी धुणं वाळत घालताना तिला पाहिलं होतं. एवढी माया आणि एवढी भीती एका बाईच्या अंगात कशी मावते, असं मला वाटलं.

ती बघत नव्हती, पण मोबाइल बघत होता. गच्चीच्या खालीच एकाचं डोकं फुटलं. तो पडला, त्याला उचलून नेलं, रक्ताने त्याचा शर्ट भिजला. हे सगळं काकूच्या खात्यावरून जगाला दिसलं, आणि काकू मात्र टाकीवरचं शेवाळ बघत होती. ते संपायच्या आत पडदा पांढरा झाला.

ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. हिंदीत लिहिलं होतं: आपण भयानक हिंसा दाखवली आहे, आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.

“म्या त काहीच केलं नाही वो,” काकू म्हणाली. “मी त तिकडं पाहूनच नाही राहिली होती.”

“काकू, तेच तर झालं.”

“आता तो विचारन त कुठी विचारन?”

निळ्या ट्रकवाल्याला मी माझ्या खात्यावरून शोधायचं ठरवलं. पण त्याच्या खात्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. हेमराज नावाचे दोनशे सापडले, आणि निळे ट्रक लावणारे त्याहून जास्त. त्याचं नाव फक्त काकूच्या बंद खात्यात होतं. म्हणजे खातं उघडलं तर पोरगा, नाही तर नाही.

मग सुरू झाली अपिलं. रोज सकाळी सौंसरची बस, दिवसभर शाळा, तिथे पोरांची माहिती तीन-तीनदा ऑनलाइन भरा, संध्याकाळी पाय ओढत घरी यावं तर काकू ओट्यावर मोबाइल पदरात घेऊन बसलेली. मी कधी कधी मागच्या दाराने आत जायचे. खोटं कशाला सांगू, जीव नकोसा व्हायचा. पण चहा होईपर्यंत पुन्हा मीच हाक मारायची, “या काकू, बघू.”

पहिल्यांदा त्या लोकांना चेहरा हवा होता. मोबाइल समोर धरा, मान डावीकडे वळवा, मान उजवीकडे वळवा. काकूने डोक्यावरचा पदर नीट केला आणि आज्ञाधारकपणे मान वळवली. उत्तर आलं, चेहरा जुळत नाही. जुळणार कसा? खात्यावर चेहरा चंडीमातेचा होता.

मग ओळखपत्र. आधार दिलं. नाव जुळत नाही. आधारवर जयवंता पुंडलिक आणि खात्यावर हेमराजची आई. मी लिहिलं, साहेब, आमच्याकडे बाईला असंच म्हणतात. हिंदीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं. गोटमार ही मारामारी नाही, आमच्याकडची जुनी प्रथा आहे, हेही लिहिलं, आणि लिहिताना माझीच मला लाज वाटली, कारण फुटलेलं डोकं काही प्रथेमुळे कमी दुखत नाही. पलीकडे वाचणारं माणूस होतं की यंत्र, देव जाणे. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. माणूस असता तर निदान एकदा चिडला असता.

“हेमराजची आई मीच हाये, याचा सरकारी कागद पाहिजे म्हणते काय?” काकूने विचारलं.

“तसंच काहीतरी.”

“जन्म दिला तवा कोणी कागद नाही मागतला.”

तेव्हा मला हेमराजची दहावीची अंकसूची, म्हणजे गुणपत्रिका, आठवली. आपल्या मध्य प्रदेशात तिच्यावर आईचं नाव छापलेलं असतं. काकू म्हणाली, ती यांच्या पेटीत आहे, आणि त्या पेटीला हात लावायची माझी छाती नाही. पुंडलिकराव आत बाजेवर पडलेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकसूची आमच्या खिडकीत ठेवलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड. मी काकूला सांगितलं. तिने आधी तो दगड हातात घेऊन पाहिला, मग कागद.

तोही कागद पाठवला. महिने गेले. संक्रांत झाली, बगीच्यांतला संत्र्याचा मृगबहार तोडून झाला, उन्हाळा लागला. सौंसरच्या एका कॉम्प्युटरवाल्याने खात्रीने खोलून देतो म्हणून मोबाइल दोन दिवस ठेवून घेतला आणि काच तडकवून परत दिला. शेवटी एका संध्याकाळी निकाल आला. खातं कायमचं बंद. यापुढे अपील करता येणार नाही.

मी वाचून दाखवलं. काकू रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला तरी काही करता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, “त्याले वाटन, मायनंबी तोंड फिरवलं.”

तिला खरं दुखत होतं ते हेच. बापाने टाकलं ते पोराने सोसलं, पण गोटमारीच्या संध्याकाळी निरोप पाठवायला गेला आणि आईच जागेवर नाही, म्हणजे आईने दार लावलं, असंच तो समजणार. मी म्हटलं, वीरेंद्रच्या पानावर लिहू या. वीरेंद्र आमच्या गावातल्या बातम्या मोबाइलवरून दाखवतो, बाहेरगावी गेलेली पांढुर्ण्याची सगळी पोरं त्याचं पान बघतात. काकूने माझा हात धरला. “नोको वो. घरची गोष्ट गावभर होईन. यायले मान खाली घालून बसा लागन.” नवऱ्याचा राग होता तिला, भरपूर होता, पण गावासमोर त्याची मान खाली गेलेली तिला चालणार नव्हती.

यंदाचा पोळा आला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. दुपारी काकू माझ्या दारात उभी. डोक्यावर पदर, अंगावर लग्नकार्यात नेसायचं हिरवं लुगडं.

“स्मिता, मी नदीवर जाऊन राहिली. यायच्याकडं पाहशीन जरासक.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुम्ही? गोटमारीला?”

“वीरेंद्र दाखवते ना थेट. पोरगा कुठी त पाहतच असन. मी दिसली पाहिजे त्याले.”

मी अडवलं. ती थांबली नाही. मी पुंडलिकरावांकडे जाऊन बसले. गुडघ्यांमुळे त्यांना नदीवर जाता येत नाही, म्हणून त्यांना माझ्या मोबाइलवर वीरेंद्रची गोटमार लावून दिली. काकू कुठे गेली ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पडद्यावर नदी, मधला पळस, दोन्ही काठांवर माणसंच माणसं. खालून लोकांच्या कॉमेंट सरकत होत्या, कोणी पुण्यातून, कोणी सुरतमधून, चंडीमातेचा जयजयकार चाललेला. आणि एकदम हिरवं लुगडं. काकू गर्दीतून वाट काढत वीरेंद्रच्या मोबाइलसमोर आली आणि उभी राहिली. पाठ नदीकडे, तोंड आमच्याकडे.

“काकू, बाजूले व्हा, काहीच दिसून नाही राहिलं!” वीरेंद्रचा आवाज आला.

ती हलली नाही. नुसती बघत राहिली. इतकी वर्षं तोंड लपवून काढलेल्या बाईने पहिल्यांदाच तोंड असं उघडं धरलं होतं. मागे दगड पडत होते, एक तिच्या पायापासून हातभरावर आपटला. शेजारी पुंडलिकराव बाजेवर उठून बसले.

तेवढ्यात खालून एक ओळ वर आली. तिच्याशेजारी निळा ट्रक होता.

“आई, मागं सरक. लागन तुले.”

मी बोट ठेवून ती ओळ धरून ठेवली, सरकून जाऊ नये म्हणून. मी पुंडलिकरावांना वाचून दाखवायला तोंड उघडलं, पण त्यांनी आधीच वाचलं होतं. ते काठी शोधत होते. एका हाताने भिंत धरून ते उभे राहिले, चपला घातल्या.

“लिही त्याले,” दाराशी पोचल्यावर ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. “तिले आणाले जाऊन राहिलो म्हणा.”

मी डोळे पुसत लिहिलं. मग लक्षात आलं, हे खातं माझं. त्याला कळणार कसं, कोण बोलतंय ते.

“काका, कोणाचं नाव टाकू?”

ते उंबऱ्यावर थांबले. मग म्हणाले, “लिही, हेमराजचा बाप.”