मधल्या खोलीतली वेल

माझ्या शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात मामा, म्हणजे माझे सासरे, माझ्या नवऱ्याला बरोबर घेऊन शिखरजीच्या यात्रेला गेले. निपाणीच्या घरात मी आणि आत्ती अशा दोघीच उरलो. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात. लग्नाला चार वर्षं झाली होती. आमच्यात भांडण नव्हतं, पण फार गोडीही नव्हती. त्या मुळातच कमी बोलायच्या आणि मी दिवसभर हायस्कुलात गणित शिकवून घसा बसवून यायची. संध्याकाळी दोघींनी मिळून भाजी निवडायची, एवढाच काय तो आमचा सहवास.

त्या पावसाळ्यात मधल्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती आणि रंगाचे पोपडे सुटून जमिनीवर पडत होते. सकाळी झाडून घ्यावं तर दुपारी पुन्हा सडा. रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं, फोनवर कुणाशी तरी कानडीत बोलला आणि दिवाळीनंतरच जमेल म्हणून निघून गेला. दिवाळीला नणंदा येणार होत्या. मी आत्तींना म्हणाले, आपणच रंगवू या.

आत्तींनी आधी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "माझा गुडघा धड न्हाय आणि तुला ब्रश कसा धरायचा ठाऊक न्हाय. मग भिंत कोण रंगवणार?"

मी फोनवर बघून शिकले आहे, असं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. आमच्या घरात नको म्हटलं नाही म्हणजे होच असतं. मी लगेच बाजार गाठला. भिंत खरवडायचा पत्रा, पॉलिश पेपर, पुट्टीची पिशवी, एक मोठा ब्रश, एक रोलर. दुकानदारानं घरी कोण रंगवणार म्हणून विचारलं. मी म्हणाले, मी आणि माझ्या सासूबाई. त्यानं एक लहान ब्रश मोफत दिला.

दुसऱ्या दिवशी मधली खोली रिकामी केली. कपाट दोघींना दाराबाहेर काढता आलं नाही, म्हणून ते मधोमध ओढून त्यावर जुनं लुगडं टाकलं. मी तोंडाला ओढणी बांधून स्टुलावर चढले आणि पत्र्यानं भिंत खरवडू लागले. आत्ती दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पहिल्यांदा वरचा क्रीम रंग निघाला, त्याखाली पिस्ता, त्याखाली नीळ घातलेला चुना. ओलीमुळे थर कागदासारखे सुटत होते आणि मला त्याचा नाद लागला. मोठा तुकडा अखंड निघाला की मी तो आत्तींना दाखवायची. त्या मान हलवायच्या.

जेवणाआधी खिडकीच्या वरच्या बाजूला चुन्याचा एक मोठा पापुद्रा निघाला आणि खाली तांबडी रेघ दिसली. मला वाटलं आत गज गंजला आहे. मी अजून थोडं खरवडलं. रेघ वळली. तिला एक पान फुटलं होतं, मग दुसरं. मी म्हणाले, "आत्ती, हितं कुणीतरी चित्र काढलंय बघा."

त्या खुर्चीवरून उठल्या. गुडघा धरत, भिंतीला हात लावत आल्या आणि माझ्या स्टुलाजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ वर बघत होत्या.

"पत्रा ठेव खाली," त्या म्हणाल्या. "हाय ती पुसशील. ही वेल मी काढलती."

त्या दुपारी जेवण उशिरा झालं, कारण आत्ती बोलत होत्या. एकोणिसाव्या वर्षी त्या या घरात आल्या. माहेरी दिवाळीला भिंतीवर कावेनं, म्हणजे तांबड्या गेरूनं, वेल काढायची पद्धत होती आणि त्यांच्या आईचा हात त्यात गावात नावाजलेला. इथं आल्यावर पहिल्या दिवाळीला त्यांनी काव भिजवली, बाभळीच्या काडीचं टोक चेचून कुंचला केला आणि मधल्या खोलीत चारी भिंतींवर छताखालून वेल फिरवली. तीन दिवस लागले. पुढच्या महिन्यात त्यांच्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. त्यांच्या सासूबाईंनी भिंतीकडे बघून विचारलं, हे घर आहे का जत्रेतला पाळणा? आणि दोन दिवसांत सगळ्या खोलीला चुना बसला.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करणार? भाकरी केली," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. आत्ती अशा मोकळ्या हसतात हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. समोरच्या दोन दातांमध्ये फट आहे, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर काम माझं राहिलं नाही. खिडकीवरचा हातभर तुकडा तसाच ठेवायचा आणि तिथून वेल पुन्हा खोलीभर न्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी पत्रा बाजूला ठेवून ओल्या फडक्याच्या टोकानं तेवढा भाग हळूहळू मोकळा केला. बाकीची भिंत खरवडून घासून घेतली. पुट्टी मी कालवली तर तिच्यात गाठी झाल्या. आत्तींनी घमेलं स्वतःकडे ओढलं. पिठल्याला पीठ लावतात तसं पाणी थोडं थोडं घालत त्यांनी ती अशी फेटली की पत्र्यावरून लोण्यासारखी उतरली. "एवढी शिकलीस, पर गाठी मोडायला न्हाय शिकलीस," असं म्हणाल्या, आणि मला ते बोलणं लागलं नाही.

दोन दिवस पुट्टी वाळली. मग पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग दोन हात रंग. रंग त्यांनीच निवडला, बेसनासारखा फिकट पिवळा. रोलर वर नेला की थेंब माझ्या कोपरावरून आत बाहीत जायचे. पहिल्या भिंतीवर पट्टे उमटले, दुसरी बरी आली, तिसरी मी उगाचच पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते. खोलीत उजेड वाढल्यासारखा वाटत होता. दुपारी दोघी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्यावरच चहा घ्यायचो.

वेल काढायला मात्र अडचण होती. आत्तींना स्टुलावर चढवणं शक्य नव्हतं. शेवटी असं ठरलं की खालच्या बाजूची, हात पोचेल तिथवरची वेल त्या खुर्चीत बसून काढतील आणि छताखालची मी, त्या सांगतील तशी. बाजारात काव मिळाली नाही, म्हणून तांबड्या रंगात थोडा काळा मिसळून आम्ही तो रंग जुळवला. पाच वेळा चुकला, सहाव्यांदा मी स्टुलावर चढून जुन्या तुकड्याशेजारी रंगाचं बोट टेकवलं आणि आत्तींनी खालून मान डोलावली.

त्या वीत टाकत मोजायच्या, कानडीत. वंदु, एरडु, मूरु, आणि तिसऱ्या वितीला फूल. माहेरी त्या असंच मोजायला शिकल्या होत्या, मराठीत मोजलं की हात चुकतो म्हणाल्या. माझी पानं पहिल्या दिवशी चमच्यासारखी यायची. त्या खालून बघून सांगायच्या, पोट जरा बारीक कर गं, टोक ओढ. दोन दिवसांनी त्यांनी सांगणं बंद केलं. मी स्टुलावरून उतरून बघितलं तर खिडकीच्या कडेनं खाली आणलेली माझी वेल त्यांच्या वेलीला जाऊन मिळाली होती आणि सांधा कुठे आहे ते मलाच सापडेना.

यात्रेहून ते दोघं सकाळी आले. नवरा दारातच थांबला आणि कुणाला बोलावलं होतं म्हणून विचारू लागला. मामा चपला काढून सरळ मधल्या खोलीत गेले. त्यांना साध्या रंगाशिवाय भिंतीवर दुसरं काही पटत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ते भिंतीभिंतीनं फिरले. खिडकीपाशी येऊन जुन्या तुकड्यासमोर उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा लावला.

"चुना मीच आणलता," ते म्हणाले.

आत्ती दारातून म्हणाल्या, "मला ठाऊक हाय."

"तवाच न्हाय म्हणायला पायजे होतं."

"आता म्हणालासा की," आत्ती म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मीही त्यांच्यामागे गेले. त्या पातेल्यात साखर घालत होत्या, ती किती पडली याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तो गोडमिट्ट चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला आणि मामांनी आणखी अर्धा कप मागितला.

दुपारी बघते तर मामा बनियनवर जमिनीशी बसलेले, हातात तो मोफतचा लहान ब्रश. भिंतीच्या पायथ्याला चार बोटांचा तांबडा पट्टा पाहिजे, त्याशिवाय वेल लोंबकळते, असं त्यांचं म्हणणं होतं. पट्टा थोडा वाकडा आला. आत्तींनी तो सरळ करायची परवानगी मला दिली नाही.

दिवाळीला नणंदा आल्या, शेजारणी आल्या, फोटो निघाले. भाऊबीजेनंतर पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई विचारायला आल्या की त्यांच्या सुनेच्या खोलीत अशी वेल काढून द्याल का. मी आत्तींकडे पाहिलं. शाळा सुरू झाली आहे, मला रविवारशिवाय जमायचं नाही, असं मी म्हणणार होते. तोवर आत्ती आतून पिशवी घेऊन आल्या होत्या. तिच्यात ब्रश, फडकी आणि पाण्याची बाटली होती. त्यांनी त्या बाईंना एवढंच विचारलं, तुमच्याकडे पाठ टेकायची खुर्ची आहे का, आणि चपला पायात सरकवल्या.