अंबादास शेळके आणि मोकळा रकाना

अंबादास शेळके कॉम्प्युटरचा प्रोग्राम मोठ्याने वाचायचा, आणि तोही मराठीत. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं असत. घरातल्या आजीला मुलाचं पत्र वाचून दाखवावं तसा हा त्यांच्यावर बोट ठेवून वाचत जाई : "हा लॉट घे. ह्याची उगवण बघ. पास असल तर गाडीत टाक. नसल तर ऱ्हाऊ दे तितंच." बाहेर बसलेल्यांना वाटे, आत कोणीतरी हमालाला काम सांगतंय. मी त्याचा साहेब. मला हे फार गावंढळ वाटायचं. पाहुणे यायचे असले की मी त्याला मनात वाचायची ताकीद देई. तो मान हलवी, दोन ओळी मनात वाची आणि तिसऱ्या ओळीला चुके. मग पुन्हा मोठ्याने सुरू.

मला मात्र मोठ्याने काय आणि मनात काय, त्या हिरव्या ओळी कधीच धड वाचता आल्या नाहीत. माझ्या कार्डावर ‘व्यवस्थापक, संगणक विभाग’ असं छापलेलं होतं आणि ते कार्ड वाटण्यात मी चांगला तरबेज होतो.

अंबादास जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचा, शेतकरी घरातला. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत तो एक्क्याऐंशी साली लागला, तो प्रयोगशाळेत. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उलगडून किती दाण्यांना कोंब आले ते पाहायचं, हे त्याचं काम. मग वहीत त्या लॉटसमोर ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहायचं. तोवर रकाना मोकळा ठेवायचा. ‘तपासणी बाकी’ असं कोणी कधी लिहीत नसे, कारण मोकळ्या रकान्याचा अर्थ प्रयोगशाळेपासून गोदामापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. अंबादास नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगे, "मोकळं म्हंजे थांबा."

दहा-बारा वर्षांनी कंपनीत मोठा कॉम्प्युटर आला. कारखान्यांत आणि बँकांत असायचा तसला मधल्या आकाराचा सर्व्हर, लहान फ्रीजएवढं काळं कपाट. त्याच्या शिक्षणासाठी मुंबईला दोघांना पाठवायचं होतं. एक मी, हुद्द्यामुळे. दुसरा अंबादास, कारण बाकी कोणी घर सोडायला तयार नव्हतं. तीन आठवड्यांनी मी प्रमाणपत्र आणि एक चामड्याची बॅग घेऊन परतलो, अंबादास तीन भरलेल्या वह्या घेऊन. पुढची सगळी वर्षं कंपनी त्या वह्यांवर चालली. लॉट, तपासणी, गोदाम, गाड्या, सगळे प्रोग्राम त्याने लिहिले, आणि प्रयोगशाळेच्या वहीतली मोकळ्या रकान्याची रीतही तशीच मशीनमध्ये आणली. त्या कपाटाला तो ‘म्हातारी’ म्हणायचा. नवीन असतानाही म्हातारीच.

दोन हजार साल उलटलं आणि मला आधुनिकतेचा झटका आला. पुण्यात दोन दिवसांचं एक चर्चासत्र होतं. तिथे कळलं की हिरवा पडदा मेला, आता सगळं वेबवर. परतलो तो थेट सेठजींच्या केबिनमध्ये. सेठजी राजस्थानी घराण्यातले, चार पिढ्या जालन्यात काढलेले, माणूस मोजक्या शब्दांचा. मी अर्धा तास बोललो. त्यांनी विचारलं, मशीन बंद पडलंय का. मी म्हणालो, नाही. मग काढायचं कशाला, असं त्यांनी विचारलं. जग पुढे चाललंय, असं मी सांगितलं.

"जाऊ द्या की वैद्यजी," सेठजी म्हणाले. "आपल्याला जूनमधी बी पाठवायचंय. नवा खर्चा बिलकुल न्हाई."

तोंड पाडून मी खाली आलो. तिसऱ्या दिवशी अंबादास मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं काढून बसला. ती पुस्तकं मी माझ्या केबिनमध्ये शोभेसाठी लावली होती. त्यांचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. या मशीनमध्येच वेब सर्व्हर आहे, फक्त तो कधी कोणी चालू केलेला नाही, असं त्याला सापडलं होतं.

"म्हातारीला येतंय हे, साहेब. आपणच कधी इचारलं न्हाई."

मी हसलो. बैलगाडीला विमानाचे पंख लावता येत नाहीत, असं काहीतरी चर्चासत्रातलं वाक्य त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "पंख कशाला? पडदा बदलू. पोट न्हाई बदलायचं."

एचटीएमएल तो औरंगाबादहून आणलेल्या एका पुस्तकातून आणि जुन्या जालन्यातल्या एका नेट कॅफेत बसून शिकला. त्याची पद्धत साधी होती. जुन्या प्रोग्राममधलं हिशेब आणि निर्णय करणारं सगळं तसंच ठेवायचं. फक्त उत्तर हिरव्या पडद्याकडे जायचं ते वेब पानाकडे वळवायचं. चार महिन्यांनी माझ्या टेबलावरच्या पीसीच्या ब्राउझरमध्ये पांढऱ्या पानावर आमचे लॉट ओळीने उभे राहिले. मागे तेच कपाट गुरगुरत होतं. आता गावोगावचे विक्रेतेही हे पान आपापल्या दुकानात पाहू शकणार होते. मी थक्क झालो आणि पाच मिनिटांनी ही माझीच कल्पना होती असं मला वाटू लागलं.

त्यात माझी भरही पडली. पानाच्या डोक्यावर सरकती अक्षरं हवीत असा मी हट्ट धरला. जमिनीतून कोंब वर येतो असं एक हलतं चित्रही घालायला लावलं. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटवर ते चित्र उतरेपर्यंत खराखुरा कोंब आला असता. अंबादासने एकदाच विचारलं, हे विक्रेत्याच्या काय कामाचं. मी त्याला ‘युजर एक्स्पीरियन्स’ हा शब्द ऐकवला. तो चित्र घालायला बसला.

मी स्वतःही आठवडाभर एचटीएमएल शिकलो. माणसाने पोहायला एकतर पुरतं शिकावं नाहीतर काठावर बसावं. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लोकांना सूचना देऊ लागलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी पान पुन्हा पाहिलं. निम्म्या लॉटसमोरचा रकाना मोकळा होता. त्यांची तपासणी व्हायची होती. मला ते पान दात पडल्यासारखं दिसलं. अंबादासला म्हणालो, इथे काहीतरी भरा.

"मोकळं म्हंजे थांबा, साहेब."

मी म्हणालो, "हे तुम्हाला ठाऊक आहे. विक्रेत्यांना अर्धवट दिसेल."

"मंग ‘थांबा’ लिहू. तेच बराबर होईल. आजवर फोनवर आपला माणूस मोकळं बघून ‘अजून न्हाई’ सांगायचा. आता इक्रेता सोताच बघणार हाय."

त्याचं म्हणणं इतकं सरळ होतं की आज ते लिहितानाही मला लाज वाटते. पण शुभकार्याच्या दिवशी निम्म्या पानावर ‘थांबा’ लिहिलेलं सेठजींना दाखवायचं, हे माझ्या पचनी पडेना. बघू, म्हणून मी विषय टाळला. तो जेवायला गेला तेव्हा मी माझ्या नावाने मशीनमध्ये शिरलो, त्याचा प्रोग्राम उघडला आणि त्याच्याच एका ओळीची नक्कल करत दोन बोटांनी एक ओळ घातली : रकाना मोकळा असेल तर ‘उपलब्ध’ दाखव. हिरव्या रंगात. एक दिवसापुरतंच, कार्यक्रम झाला की काढू, असं मनाशी ठरवलं होतं.

उद्घाटन थाटात झालं. माउस अंबादासच्या हातात होता, माइक माझ्या. भाषणात मी पुण्याचं चर्चासत्र, एकविसावं शतक आणि स्वतःचा उल्लेख पुरेपूर केला. अंबादासचं नाव घ्यायचं राहिलं. सेठजी खूश होऊन म्हणाले, आजपासून गोदामाने याच पानाची प्रिंट पाहून गाडी भरायची, फोन आणि चिठ्ठ्या बंद. टाळ्या पडल्या. मला हार घातला. त्या हाराच्या भरात ती एक ओळ काढायची राहून गेली. पुढेही राहिली. अंबादासने ती पाहिली नाही, कारण तो स्वतः लॉट अजूनही हिरव्या पडद्यावरच बघायचा.

कपाशीचा एक लॉट ‘उपलब्ध’ दिसत होता. गोदामाने प्रिंट काढली, गाडी भरली. तपासणीत तो लॉट नापास झाला तोवर बी मातीत गेलं होतं. गाडी गेली होती टेंभुर्णीला.

तिथे बी उगवलं नाही. कंपनीने पिशव्या बदलून दिल्या, पण ओल निघून गेली होती. दुबार पेरणारांत अंबादासचा चुलतभाऊ रंगनाथही होता, आणि त्याने ते बी अंबादासच्या कंपनीचं म्हणून विश्वासाने नेलं होतं.

सेठजींनी मला आणि अंबादासला बोलावलं. प्रिंट टेबलावर होती. त्यांनी विचारलं, हा प्रोग्राम कोणाचा.

"माझा," अंबादास म्हणाला. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. त्या महिन्यात किती रविवार होते ते मला आजही सांगता येईल. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी काही बोललो नाही. बाहेर येताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘काळजी करू नका’ म्हणालो. हे म्हणायची मात्र माझी हिंमत झाली.

अंबादासला परत प्रयोगशाळेत पाठवलं. ओले कागद, दाणे, कोंब. वीस वर्षांनी तो जिथून निघाला होता तिथेच. तिकडून जाताना मी चाल वाढवायचो. त्याच्या प्रोग्राममधली ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढून टाकली होती. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल मिळाली, आणि ‘कंपनीला वेबवर नेणारे’ असं माझ्याबद्दल कोणीतरी बोललं. मी नम्रपणे मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पुढे तोही निवृत्त होऊन टेंभुर्णीला राहायला गेला. तीनेक वर्षं मी रोज त्याच्याकडे जायचं ठरवत होतो. एके दिवशी एसटीत बसलोच. अंबादासने ओसरीवर खुर्ची टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. एसटीत घोकलेलं सगळं मी सांगून टाकलं.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "म्हातारी सगळं ध्यानात ठिवती. कोणी बदललं, कोणत्या दिशी, किती वाजता. सेठजीनी बोलावलं त्या दिशी, वर जायच्या आधीच मी बघितल्तं. तुमचं नाव व्हतं. जेवणाच्या सुट्टीतला टाइम."

मी विचारलं, मग सेठजींना का नाही सांगितलं.

"सेठजीनी इचारलं, प्रोग्राम कोणाचा. तो माझाच व्हता. मंग तुमच्याकडं बघितलं. म्हणलं, आता साहेब बोलताल."

मी माफी मागितली. तो चप्पल घालत उठला. "मला सांगून काय उपेग? मला म्हाईत असलेलंच तुमी सांगून राह्यले. चला हॉटेलात. तिथं सांगा."

स्टँडवरच्या हॉटेलात पाच-सहा माणसं बाकावर होती. त्यांत रंगनाथ होता. अंबादासला पाहून त्याने जागा करून दिली आणि बाकीच्यांकडे बघत म्हणाला, "अंबादास, टीव्हीवर उद्या पाऊस हाय म्हणून राह्यले. पेरावं का? का तो बी तुझ्या कॉम्प्युटरवाणी उपलब्ध हाय?"

सगळे हसले. हे हसणं नवीन नव्हतं, रोजचं होतं, हे मला कळलं, कारण अंबादासही सवयीने थोडा हसला. मग त्याने माझी ओळख करून दिली, हे आमचे साहेब, आणि सेठजींच्या केबिनमध्ये पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी हॉटेलवाल्याला चहात साखर कमी टाकायला सांगितली.

परत जाताना एसटीपर्यंत तो सोडायला आला. खिडकीची जागा मिळाली का, एवढंच त्याने विचारलं. त्यानंतर आमची भेट नाही. मागच्या वर्षी तो गेला. मला कळलं ते महिन्याभराने.

मी पुन्हा टेंभुर्णीला गेलो. हॉटेल तेच, बाकं नवी. रंगनाथ आता बराच म्हातारा झालाय, काठी टेकत येतो. मी उभा राहिलो आणि सांगितलं. आवाज इतका मोठा निघाला की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. दोन तरुण पोरं होती, त्यांना कोणता कॉम्प्युटर आणि कसलं बी हेच कळेना. एकाने विचारलं, आजोबा, तुमचं काही हरवलंय का.

रंगनाथ मात्र ऐकत होता. त्याने काठीवर हनुवटी टेकली. "आमी त्याला इतके दिवस चिडवून राह्यलो," तो म्हणाला. "त्यानं कधी तुमचं नाव घेतलं न्हाई. आता हे तोंडी सांगून तुमी एसटीनं जाताल. मंग? उद्या मी बी जाईन. कोणाच्या ध्यानात ऱ्हाईल?"

मी म्हणालो, मग काय करू.

"लिहून द्या. तुमच्या नावासगट."

म्हणून लिहून देतो. टेंभुर्णीत त्या वर्षी जी कपाशी उगवली नाही, तिच्या लॉटसमोरचा रकाना अंबादास शेळके यांनी मोकळा ठेवला होता आणि मोकळाच ठेवा असं मला बजावलं होतं. तो मी, तेव्हाचा संगणक विभागाचा व्यवस्थापक वैद्य, याने भरला. ते जेवायला गेले असताना भरला, आणि विचारलं तेव्हा गप्प बसलो. कंपनीला वेबवर नेणारे तेच होते. मी फक्त कोंबाचं चित्र घालायला लावलं.